फोटो टांगायची उंची

अग्निशमन दलाचा बंब बाहेर काढला,
लिंडनच्या झाडाखाली उभा केला,
आणि त्याच्या जागी आलो आम्ही:
मी, बेचाळीस फोटो, एक शिडी
आणि भिंतींत मुरलेला डिझेलचा वास.
लाउसित्सच्या या टोकाला दुसरं सभागृह नाही.

बावीस वर्षं मी एकाच खांबाशी उभी राहत आले,
खाणीच्या कुंपणाचा, वळणावरचा खांब.
समोर आधी यासेनक होतं,
सत्तावीस घरं आणि एक बुटकं चर्च.
मग कोळशासाठी खड्डा.
मग खड्ड्यात सोडलेलं नदीचं पाणी.
मी बटण दाबत गेले, बस.

सुतळी ताणून सगळे फोटो एका रेघेत लावले,
डोळ्यांच्या उंचीला,
शहरात लावतात तसे.

हान्द्री उद्घाटनाच्या दोन तास आधीच आला,
घरची खुर्ची काखेत घेऊन.
(सरकारी खुर्च्यांवर त्याचा विश्वास नाही.)
पहिल्यापासून शेवटपर्यंत चालत गेला,
परत आला, म्हणाला,
"चूक आहे."
मला वाटलं, एखादा सन चुकला.
"सन बरोबर आहेत. उंची चुकली."

खिशातून लाकडी मोजपट्टी काढली, घडीची,
खाणीचा शिक्का पुसट झालेली.
"गावाची जमीन इथे धर. दीड मीटर.
खड्डा साठ मीटर खोल होता.
मीटरला दोन सेंटिमीटर धरले, तर किती?"
मी बोटांवर हिशेब करत होते,
तोवर तो जमिनीवर बसलाही होता, भिंतीशी,
पेन्सिलीने खूण करत.
फरशीपासून वीतभर वर.

"तुम्हांला आकडे पाठ आहेत," मी म्हणाले.
"मीच खणलं ना.
तिसरी पाळी. आईची बाग पहाटे चारच्या सुमाराला आली.
वरची माती काळी, खाली पिवळी वाळू.
चाकाला कुठे कळतं.
गूजबेरीच्या काटक्या पट्ट्यावरून गेल्या,
मी मोजल्या नाहीत."
आणि मग, "तो हातोडा दे."

आम्ही सगळं उतरवून पुन्हा टांगलं.
घरं जिथल्या तिथे राहिली.
खड्ड्याचे एकोणीस फोटो फरशीलगत गेले.
पाण्याचे परत वर आले,
पण घरांइतके नाही, वीतभर खालीच.
पाणी गावाच्या उंचीला पोचलेलंच नाही.

संध्याकाळी लोक आले.
मुलं पोटावर पालथी पडून खड्डा बघत होती,
एकाने खणणाऱ्या यंत्राला डायनासोर म्हटलं.
कंपनीचे एक साहेब पाण्यापाशी फार वेळ थांबले.
"किती निळं," म्हणाले.
निळं आहे खरंच. लिंबाइतकं आंबट आहे,
त्यात अजून मासा टिकत नाही;
हे फोटोत येत नाही.

वोर्शा, हान्द्रीची बायको,
उकडलेले बटाटे आणि जवसाचं तेल घेऊन आली,
रुमालाची गाठ हनुवटीखाली तशीच.
अकराव्या फोटोच्या काचेवर बोट टेकवलं.
"हा पडदा माझा नाही. शेजारणीचा.
माझा धुवायला काढला होता त्या दिवशी."
एवढंच.
खाली बघ म्हटलं, तर म्हणाली, गुडघे.
शरदात पायनच्या रानात आळंबी शोधताना
हीच बाई सकाळभर उकिडवी बसलेली असते.

हान्द्री मात्र खालीच बसून होता,
रिकामी खुर्ची शेजारी ठेवून,
तिसाव्या फोटोसमोर.
त्यात यंत्राच्या केबिनमध्ये एक टोपी दिसते,
तांदळाच्या दाण्याएवढी.
ती कोणाची, मी विचारलं नाही.
त्याने चष्मा पुसला, पुन्हा घातला.

दुसऱ्या दिवशी बंब आत घ्यायचा होता.
दलप्रमुखाने भिंत बघितली,
माझ्या पहिल्या रेघेची भोकं,
खड्ड्याची एकोणीस आणि पाण्याची काही,
डोळ्यांच्या उंचीला, एका ओळीत.
"लांबी भरून टाकू?" त्याने विचारलं.
हान्द्री खुर्ची उचलून निघाला होता.
दारात वळला.
म्हणाला, कशाला,
बंबामागे कोण बघतंय.