खालचा ओठ, डावी बाजू

डबीवरच्या चिठ्ठीत एवढंच: खालचा ओठ, डावी बाजू.
श्रावण नंदेश्वर, वय एकोणचाळीस.
व्यवसायाच्या रकान्यात कुणीतरी ‘मजूर’ लिहिलेलं,
ते खोडून वर, दाबून,
‘क्लॅरिनेट’.

फॉर्मेलिनमध्ये चण्याच्या डाळीएवढं काहीतरी.
बाहेर सेहेचाळीस अंश, मेडिकल चौकात
डांबर चपलेला चिकटतंय,
कूलरच्या खसाचा वास केव्हाच उडून गेलेला,
आणि लग्नाचे अजून अकरा मुहूर्त शिल्लक.
हे त्यानेच सांगितलं, खिडकीशी, न विचारता.

वाजवताना फुटायचं म्हणे. रीडवर रक्त.
लाल डगल्यावर पडलं तर दिसायचं नाही,
पांढऱ्या हातमोज्यावर दिसायचं.
एका नवरदेवाच्या मामाने ते पाहिलं
आणि त्याच्यावरून ओवाळलेली शंभराची नोट
ढोलवाल्याला दिली.

“काहून बाई, तेच हाय का जी?”

तेच म्हणजे ते.
या शहरात त्याचं नाव तोंडाने घेत नाहीत.
पानठेल्यापानठेल्यावर पन्नीत घोटला जाणारा खर्रा,
आणि मग आमच्याकडे
तीन बोटंही न शिरणारी तोंडं,
आधी पांढरी, मग ताठ, मग डबीत.
बावीस वर्षं मी त्यांचे मेणाचे ठोकळे कापते आहे.
त्याने आ वासून दाखवला, मी न सांगताच,
पार पडजिभेपर्यंत.
“एक दिवस नाई खाल्ला. फुकाचं तोंड हाय हे.”
मी म्हटलं, बुधवारी या.

मंगळवारी काप काढला, चार मायक्रॉनचा.
रिबीन कोमट पाण्यावर पसरली, काचेवर उचलली,
जांभळा रंग, मग गुलाबी.
सही करायचा अधिकार मला नाही.
डोळा लावायला कोण अडवतं?

नळ्याच नळ्या.
केसाहून बारीक, झुपक्याझुपक्यांनी,
प्रत्येकीत लाल पेशींची दाटी.
(संत्र्याच्या फोडी म्हणणार नाही.
नागपुरात सगळ्यालाच संत्र्याची उपमा देतात,
वैताग येतो.)
इतवारीतल्या बोळी म्हणावं,
तर तिथल्या बोळीही शेवटी कुठेतरी निघतात.
या कुठेच निघत नव्हत्या.
कधीतरी रीडचं टोक लागलं असेल, निसटता ओरखडा,
आणि शरीर ते भरायला धावलं
पंगतीतल्या आग्रही वाढप्यासारखं,
पुरे म्हटलं, हात आडवा धरला, तरी वाढतंच आहे,
पानाबाहेर सांडलं तरी.
कडेच्या पेशी पाहिल्या, शिस्तीत होत्या.
खालच्या पाहिल्या.
पुन्हा पाहिल्या.
चांगलं दिसलं की विश्वास न बसणं
ही या टेबलाची खोड.

डॉक्टरांनी लिहिलं: रक्तवाहिन्यांची सौम्य वाढ.
“सौम्य म्हंजे?”
“म्हणजे ते नाही.”
खिडकीची जाळी दोन्ही हातांनी धरून
तो नुसता उभा राहिला. मागच्याने ढकलल्यावर हलला.
आभार वगैरे काही नाही.
दोन पावलं जाऊन परत फिरला,
“पुन्हा येते का ते?”
येऊ शकतं, मी म्हटलं. खोटं कशाला.

त्या शुक्रवारी संध्याकाळी आमची बस अडली.
डोक्यावर दिव्यांची झुंबरं घेतलेल्या बाया,
त्यांना जोडणारी वायर, मागे ढकलगाडीवर जनरेटर,
आणि दुसऱ्या रांगेत तो.
ओठावर टाका. क्लॅरिनेट तोंडापासून बोटभर लांब,
वाजत नव्हतं,
पण बोटं चालली होती, भोकावर भोक, बिनचूक.
शेजारी सतरा-अठराचा पोरगा, नवाच डगला,
गाल फुगवून खरा सूर काढत होता
आणि कडव्याकडव्याला चुकत होता.
नजर त्याची श्रावणच्या बोटांवर.

ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला.
मी म्हटलं, थांब ना बाप्पा जरासा.