निवळलेलं पाणी

झुम्मक रायकवारने पहिलं पाणी आणलं
सरबताच्या बाटलीत.
झाकणाला अजून वाळ्याचा वास,
आतलं पाणीही वाळ्याच्याच रंगाचं.
म्हटलं, काका, काळ्या काचेची बाटली लागते,
नमुन्याला उजेड चालत नाही.
तो म्हणाला, तलावावर तर दिवसभर उजेडच असतो.

राऊच्या अलीकडे शिंगाडा लावतो तो,
ट्रकच्या ट्यूबवर पोट टेकून, छातीभर पाण्यात.
बकरी मेली म्हणून आला होता.
कोपरापर्यंत लाल झालेल्या हातांचं
बोललाच नाही.

मी पाणी गाळलं.
गाळणकागदावर एक हिरवी टिकली उरली.
खालचं पाणी यंत्राला दिलं:
रेघ सपाट, पहाटे चारच्या सराफ्यासारखी,
सातव्या मिनिटाला जरासा उंचवटा,
मोजावा की माफ करावा, असा.

मग ती टिकली गोठवली, वितळवली,
पुन्हा गोठवली,
तीनदा, पेशी फुटेपर्यंत.
आता सातव्या मिनिटाला सुळका.
वस्तुमान नऊशे पंच्याण्णव,
तुकडे केले की त्यातून निघतो एकशे पस्तीस.
मायक्रोसिस्टिन.
म्हणजे विष होतं, पण अजून घरातच होतं,
दाराला कडी लावून.

अहवालात लिहिलं: शेवाळ मारू नये, वरच्यावर काढावं.
पुराणिक मॅडमनी ते वाक्य शेवटच्या पानावर नेलं.
शेवटचं पान
स्टेपलरच्या पिनेपुरतंच असतं.

दोन पोती मोरचूद पडलं तलावात.

चौथ्या दिवशी झुम्मक परत.
या वेळी बाटली काळ्या काचेची,
खोकल्याच्या औषधाची, धुऊन उन्हात वाळवलेली.
साफ हो गया, म्हणाला,
तळ दिसतो. मागच्या साली बुडालेला कोयता सापडला.
बायका धुणं घेऊन परत आल्यात.

हे पाणी गाळलं.
कागद पांढराच राहिला.
नुसतं पाणी दिलं यंत्राला.
पाचवं मिनिट. सहावं.
तो काचेबाहेरून बघत होता
मशीन कुठल्या तोंडाने पाणी पितं ते.

सातव्याला रेघ उठली
आणि पडद्याच्या वर निघून गेली.
दहापट पातळ करून पुन्हा द्यावं लागलं,
तेव्हा कुठे तिचं टोक दिसलं.

नोंदवहीत लिहिते आहे.
रंग: नाही.
गढूळपणा: नाही.
वास: खोकल्याच्या औषधाचा, किंचित.

झुम्मक दारात उभा आहे,
लाल हात अंगापासून थोडे लांब धरून.
विचारतो, आता तर
धुता येतील ना त्यात?