दोन इंची पाइप

धरणातून किती सोडलं
हे बघायला लोक गोदाकाठी जातात,
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला
डोळ्यांनीच टेप लावतात.
आमच्याकडे जिन्याची चौथी पायरी आहे.
तिला मारुतीचा मान नाही,
पण खोटं बोलत नाही.

तळघर हा माझा हट्ट.
आनंदवलीच्या उतारावर, नदीकडे पाठ करून
नऊ फूट खणलं.
शैलजा म्हणाली होती, खाली ठेवणार काय?
ठेवायला काहीतरी मिळतंच.
लोणच्याच्या तीन बरण्या. द्राक्षबाग विकली तेव्हाचा फवारणीचा पंप.
मुलीची सायकल, जी आता कोणाचीच नाही.
आणि माझ्या प्रेसमधल्या डायऱ्या, एकोणतीस,
ज्यांत रोजची कागदाची ओल लिहिली आहे.
जरा वर गेली की शाई पसरायची.
आयुष्यभर सरकारचा कागद
कोरडा ठेवला मी.

पहिल्या वर्षी दाराशी वाळूची पोती रचली.
पाणी पोत्यांकडे फिरकलंही नाही.
फरशीच्या सांध्यांतून आलं,
लग्नघरात मागच्या दाराने नातेवाईक येतात तसं,
चपला न काढता.

दुसऱ्या वर्षी पांढरा लेप, तीन हात.
दहा वर्षांची हमी.
हमी डब्यावर होती.
दिवाळीपर्यंत भिंतीने अंग टाकलं.

तिसऱ्या वर्षी गफ्फार कोकणी आला.
उकिडवा बसला, फरशीला तळहात लावला,
ताप बघतात तसा.
म्हणाला, साहेब, अडवताय कशाला?
बसायला जागा द्या त्याला.
मग कोपऱ्यात तीन बाय तीनचा खड्डा,
भिंतीकडेने चर, चरात खडी,
खड्ड्यात पंप, पंपाला फुगा.
पाणी वर तर फुगा वर,
फुगा वर तर पंप चालू.
घर कोरडं राहावं म्हणून
घरातच एक विहीर.
शैलजाने तिला हळदकुंकू वाहिलं.
मी हसलो.
नारळ मात्र मीच आणला.

ऑगस्टात एका रात्री महापालिकेची गाडी
भोंगा वाजवत गेली.
अकराला पंप लागला.
आम्ही अंथरुणावर मोजत होतो:
चार मिनिटं चालू, सहा बंद.
चार चालू, सहा बंद.
मग पाच चालू, तीन बंद.
तिला झोप लागली.
मला, कबूल करतो, अभिमान वाटत होता.

तीनला टॉर्च घेऊन खाली गेलो.
चौथी पायरी कोरडी.
तिसरी कोरडी, दुसरी, पहिली.
फरशीवर बोट फिरवलं,
बोटाला धूळ लागली. धूळ!
सायकलची घंटी उगीच एकदा वाजवली.

मग गेटबाहेर आलो, आमचं पाणी कसं जातंय ते बघायला.
दोन इंची पाइप रस्त्यावर ओकत होता.
रस्त्याला उतार.
उताराला गायधनींचा रॅम्प.
रॅम्पच्या तळाशी, मेणबत्तीच्या उजेडात,
गायधनी लुंगी खोचून उभे,
पोटऱ्यांपर्यंत पाणी, हातात रंगाचा रिकामा डबा.
त्यांचा फेज गेलेला.
उपसत होते, वर नेऊन ओतत होते,
आणि ते पुन्हा खाली येत होतं
आमच्यासोबत.

वर न बघताच म्हणाले,
"आज जास्त सोडलंय, नाही?"
"हो," मी म्हणालो,
"धरणातून."

पाइप उचलून गटारापर्यंत ओढून बघितला.
सात फूट कमी पडला.
पंप बंद केला. पुन्हा चालू केला.
पुन्हा बंद केला.
मग बादली घेतली आणि त्यांचा रॅम्प उतरलो.
पाणी गार नव्हतं.
ओळखीचं होतं,
पाच मिनिटांपूर्वीच आमच्याकडून निघालेलं.

उजाडेपर्यंत दोघं उपसत होतो.
बोललो ते त्यांच्या जावयाबद्दल.
आमच्या पहिल्या पायरीवर तेवढ्यात दोन बोटं पाणी चढलं,
सर्वांत खालची डायरी भिजली, नोकरीचं पहिलं वर्ष.

दुकान उघडताच सात फूट पाइप आणला, एक जोड, दोन क्लिप.
गायधनी म्हणाले, माझ्यासाठी एवढं केलंत,
निम्मे पैसे तरी घ्या.

मी घेतले.