ताकाइतकी पातळ

कुताईसीच्या दप्तरखान्यात आमचे साहेब म्हणाले,
"नेस्तान, सगळं पडद्यावर दिसतं आता,
इतक्या लांब जायचं कशाला?"
मी म्हटलं, "पडद्याला वास येत नाही."
ते हसले. सही केली.
अर्धं भाडं माझ्या पगारातून.

तार्तूला पोचले तेव्हा नोव्हेंबर,
दुपारी चारलाच अंधार,
नदी दौतीतल्या शाईसारखी गार आणि गप्प.
नोंदणीच्या टेबलावर एका मुलीने
माझं नाव माझ्या गळ्यात अडकवलं,
त्यात एक अक्षर चुकलेलं.
तीन दिवस मी त्या चुकीसकट हिंडले
आणि कुणी तशी हाक मारली तर वळलेही.

सभागृहात चाळीस देशांचे कागद सांधणारे,
आणि सगळ्यांची नखं आखूड, अगदी मुळाशी कापलेली.
हे मला कुणी कधी लिहून कळवलं नव्हतं.

हेल्दुर पायूंचा जुना निबंध
माझ्या टेबलाच्या काचेखाली असतो.
लोखंडी शाईने कुरतडलेल्या पानाला
मागून आधार कसा द्यावा, कागद कोणता,
आणि खळ?
"खळ ताकाइतकी पातळ."
अकरा वर्षं मी ती ताकाइतकी पातळ केली.
अकरा वर्षं पानं वाळताना आखडली,
उन्हात टाकलेल्या कातड्यासारखी कडांनी उठली.
मी दोष दिला गव्हाला, नळाच्या पाण्याला,
मग रिओनीवरून येणाऱ्या वाऱ्याला,
शेवटी स्वतःच्या हातांना.

पहिल्या दिवशी ते बोलले.
प्रश्नांसाठी माइक फिरत माझ्या रांगेत आला.
मी उभी राहून विचारलं काय,
तर इथल्या हवेत दमटपणा किती!
ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या रांगेत
राईचा काळा पाव, बीट, खारवलेला मासा,
आणि माझ्या पुढे हेल्दुर, हातात पांढरा ग्लास.
"काय पिताय?"
"ताक. बायकोला वास सोसत नाही, म्हणून बाहेर पितो."
त्यांनी ग्लास तिरका केला.
पाण्यासारखं घरंगळलं ते,
काचेवर नुसती धूसर वाफ राहिल्यासारखी.
"हे ताक?"
"हे ताक."
"अहो, आमच्याकडे त्यात चमचा उभा राहतो!"

भाषांतर कुणीतरी तिबिलिसीत बसून केलेलं,
घरचं मडकं डोळ्यांपुढे ठेवून.

ते हसतील असं वाटलं होतं.
ताट खाली ठेवून त्यांनी विचारलं,
"किती पानं?"
"चारशेच्या वर."
जरा वेळ काहीच बोलले नाहीत.
मग मला घेऊन थेट स्वयंपाकघरात शिरले.

वाइके नावाच्या आचारीणबाई आधी आमच्या बुटांवर ओरडल्या,
मग पातेलं दिलं, पीठ दिलं, बारीक गाळणं दिलं.
खळ शिजली, निवली, तीनदा गाळली.
हेल्दुरनी माझं मनगट धरलं.
त्यांचा हात कापत होता, वयाने,
आणि त्या कापण्यातूनच कुंचला
पानावर टेकल्या न टेकल्यासारखा जात होता.
निबंधात याचा कुठे उल्लेख नाही.
"दाबू नकोस," म्हणाले, "पानाला आधी कळू दे, तू आलीस."

वर तेव्हा परिसंवाद चालू होता:
हस्तकौशल्याचे दूरस्थ प्रशिक्षण.
आमचा चुकला.
लिमाची योवाना वासाने शोधत आत आली,
मागोमाग सोलचे एक गृहस्थ; नाव नीट ऐकू आलं नाही,
पण वाळलेला तुकडा कानाशी धरून त्यांनी हलवला,
ऐकला,
आणि मान डोलावली.
त्या मानेसाठी मी अजून एकदा अर्धं भाडं देईन.

परतल्यावर अहवाल लिहिला, तीन पानी,
आकडे, आभार, छायाचित्र.
ताक त्यात नाही.
बक्षीस म्हणाल तर चारशे पानांचं काम मिळालं:
द्राक्षमळ्यांच्या सारावसुलीच्या वह्या,
रोज एक पान ओल्या टिपकागदात झोपवते,
माझीच जुनी खळ सोडवते.
काही सुटतात. काही शाईसकट सुटतात,
त्या दिवशी मी लवकर घरी जाते.

वाइकेबाईंचं गाळणं चुकून माझ्या पिशवीतून आलं.
परत द्यायला हवं.
साहेब म्हणतात, टपालाने पाठव.
बघू.