खूण

वडिलांचा पाय शेगडीला टेकलेला होता
आणि ते बोलत होते तारल्यांच्या भावाबद्दल.
वास आधी आईला आला.
मग मला. मग मांजर उठून गेलं.
सगळ्यांत शेवटी वडिलांना कळलं,
तेही आमच्या तोंडांकडे बघून.

मी सात वर्षांची होते.

आमच्या पोव्होआत या दुखण्याला
'छोट्या पावलांचं' म्हणतात, लाडानं म्हणावं तसं,
जणू रांगतं मूल कुणाचं तरी चुकून घरात शिरलंय.
इस्पितळातलं नाव लांबलचक आहे.
ते आम्ही फॉर्मवर लिहितो
आणि तिथेच ठेवून येतो.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे.
झेफेरिनो आजोबांचे दिसले एकतिसाव्या वर्षी,
होडी ओढताना चपला गळून पडल्या
आणि ते तसेच शिंपल्यांवरून चालत घरी आले,
मागे लाल ठसे.
लुदोविना आत्याचे दिसले तिच्याच लग्नात, नाचताना.

आमच्या कोळ्यांना पूर्वी लिहिता येत नसे,
पण घराघराची एक खूण असे.
वल्ह्यावर, जाळ्याच्या बुचावर, थडग्यावरसुद्धा
चाकूनं कोरलेली.
आमची म्हणजे एक उभी रेघ, तिला दोन आडव्या,
अर्धवट सोडलेल्या शिडीसारखी.
थोरल्यानं तिला एक खाच वाढवायची,
मधल्यानं दोन,
धाकट्याला मात्र बापाची खूण
जशीच्या तशी.

घरात दोनच मुलं. डेल्फिम थोरला.

अंघोळीचं पाणी आई कोपर बुडवून बघायची.
शेजारणीला वाटायचं, घरात बाळ आहे.
मग वडील टबात पाय सोडायचे
आणि विचारायचे, "कसं आहे गं?"
"कोमट," ती सांगायची.
"हो, कोमट," ते म्हणायचे, मान डोलावून,
चव घेतल्यासारखे.

ऑगस्टच्या दुपारी डेल्फिम आणि मी
धक्क्याच्या दगडांवर अनवाणी उभे राहायचो,
कोण जास्त वेळ टिकतं बघायला.
मी दहा मोजायच्या आत नाचत सुटायची.
तो तीसपर्यंत जायचा, ओठ चावून,
आणि खिडकीतून आई ओरडायची,
एवढ्याशा खेळाला न शोभेल इतकं.
त्याला तिनं फक्त त्याच कारणासाठी मारलेलं आठवतं.

डेल्फिमचा रिपोर्ट कोरा आला.
तो नुसता हट्टी होता.

मी चौतीस वर्षांची आहे.
नगरपालिकेच्या तलावावर नोकरी करते,
दर दोन तासांनी पाण्याचं तापमान वहीत लिहिते.
सत्तावीस. सत्तावीस. साडेसव्वीस.
हेच काम का, असं कुणी विचारलं नाही,
विचारलं असतं तर पगाराचं कारण सांगितलं असतं.
पोर्तोच्या इस्पितळातून तीनदा तारीख आली.
तीनदा मी स्टँडपर्यंत गेले,
बसला जाऊ दिलं, येताना पाव घेऊन आले.
आता गोळी निघालीय, लवकर कळलं तर उपयोग होतो,
हे मला माहीत आहे.
हे मला सगळेच सांगतात,
आवाज खाली करून, माझ्या बुटांकडे बघत.

काल डेल्फिमची बेनेदिता आली होती, सहा वर्षांची.
मी पाय खुर्चीवर पसरले, डोळे मिटले,
तिच्या हातात बर्फाचा खडा दिला.
म्हटलं, कुठेही ठेव, मी ओळखते.
फ्रीजची घरघर. बाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं.
मी म्हटलं, "थंड! अंगठ्यापाशी!"

"आत्या," ती म्हणाली,
"मी अजून ठेवलाच नाही."

आम्ही दोघी हसलो.
ती आधी.
बर्फ तिच्या मुठीतच वितळत होता,
कोपरावरून ओघळत.