आधी पाणी ठेवायचं

शेंगा तोडायला निघण्याआधी
गॅसवर पाणी ठेवायचं.
हे मला ना आईनं शिकवलं, ना सासूनं.
पोस्टमन कुवाबारानं शिकवलं,
लाल स्कूटर कुंपणाशी लावून,
हेल्मेट न काढता.
झाडावेगळी झाली की गोडी उतरायलाच लागते, म्हणाला,
पत्रासारखंच आहे, काकू,
उशीर झाला की नुसता कागद.

तोकुजी निवृत्त झाला त्या वसंतात
आमच्या मागच्या दारी चार पावलं जमीन होती
आणि दोघांत बोलण्यासारखं त्याहून कमी.
अडतीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनखोलीत काढलेला माणूस,
मीठसुद्धा ओरडून मागायचा.
आणि मी
ऐकू न आल्यासारखी मीठ पुढे सरकवायची.

पहिल्या वर्षी त्यानं खत घातलं.
घातलं म्हणजे ओतलं. दोन पोती,
वर कोंबडखत, वर आणखी काहीतरी
ज्याचा वास पडद्यांतून गेला नाही.
पानं झाली पंजाएवढी, काळपट हिरवी.
निगाताहून नणंद आली, वा वा करून गेली.
शेंगा? मोजून एकोणीस.
त्यातल्या सात फुसक्या.
एका बशीत घेऊन बसलो दोघं,
बियर मात्र अख्खी बाटली संपवली.
मग तो अंधारात जाऊन एक झाड उपटून घेऊन आला.
मुळांवर बारीक गाठी, कुठे एक, कुठे दोन.
नखानं फोडली, आत गुलाबी.
“हे स्वतःचं कमवून खातं,” तो म्हणाला,
“आणि मी भरवत बसलो.”
हे तो हळू आवाजात म्हणाला.
म्हणून लक्षात राहिलं.

दुसऱ्या वर्षी कबुतरं.
सोयाबीनचं बी हमालासारखं वर येतं,
आपलंच ओझं डोक्यावर घेऊन.
ती डोकीच पहाटे उडवली कबुतरांनी.
उरल्या बावीस काड्या.
तोकुजी टॉवेल गुंडाळलेला, अनवाणी, दारात,
आणि त्याची ती इंजिनावर मात करणारी हाक.
तीन गल्ल्यांतली कबुतरं उडाली.
मला पहिल्यांदाच वाटलं,
आवाज वाया गेलेला नाही.

तिसऱ्या वर्षी जाळी.
खत नाही. कळी धरली की भरपूर पाणी.
पाचवं पान फुटलं की शेंडा खुडायचा,
तर त्याचा हात होईना.
चांगलं वाढतंय गं, म्हणे.
मी खुडले, पटापट, सगळे,
आणि तो माझ्याकडे बघत राहिला
जशी मी शेजारून आलेली कुणी बाई.
जुलैभर रात्री बॅटरी घेऊन हिरवे ढेकूण वेचले,
साबणाच्या पाण्याच्या बरणीत टाकले.
तो मोजायचा, मी बरणी धरायची.
एकशे बारा झाले त्या रात्री
हातांचा वास धुऊनही जाईना,
तसेच झोपलो.

ऑगस्टातला मंगळवार, संध्याकाळचे साडेपाच.
तो बाहेर, झाडाच्या बुंध्याशी कात्री लावून.
मी आत, पातेल्यापाशी.
“पाणी?”
खिडकीच्या काचा थरथरल्या.
“थांब!”
“आता?”
“उकळलं! काप!”
हे मी ओरडले.
लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली,
या घरात मी कधी ओरडले नव्हते.
घसा दुखला, थोडा.

शेंगांची दोन्ही टोकं कातरायची.
मूठभर मीठ घेऊन चोळायच्या, लव निघेपर्यंत.
चार मिनिटं. पाचवं नाही.
गार पाण्यात बुडवायच्या नाहीत, पंख्यानं वारा घालायचा,
तो घालत होता, वर्तमानपत्रानं,
बातम्या न वाचता.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत पाणी ठेवलं,
कुवाबाराचा वाटा बांधला.
रात्री खाईन, म्हणाला.
मी म्हटलं, उशीर झाला की नुसता कागद.
मग तो तिथंच, उन्हात,
हेल्मेट न काढता, उभ्यानं खात राहिला,
आणि टरफलं खिशात घालून
पुढच्या घरी गेला.