गुरुवारची बोट

दर दुसऱ्या गुरुवारी, बोट लागली तर,
ती बाई येते.
खांद्याला पिशवी, पिशवीत कागदी रुमालांचा खोका
आणि उलटीवर घ्यायच्या गोळ्या, येता-जाता दोन.
दात काढायची खोली त्या दिवशी तिची.
खुर्ची तीच, फक्त वरचा दिवा
भिंतीकडे वळवायचा.
ते काम माझं. वही माझी. चहाची किटली माझी.

न्यूफाउंडलंडच्या नकाशात आमचं बेट
म्हणजे शाईचा शिंतोडा.
एकशे चौऱ्याऐंशी माणसं,
आणि कुणाची गाडी कुठली
हे पोरासोरांनाही पाठ.
म्हणून अँब्रोज
(नाव बदललंय, मी कागदावर सही केलीय)
गाडी पोस्टासमोर लावतो,
नको असलेली तिकिटं घेतो,
आणि मासे खारवायच्या शेडमागून
शेवाळावर पाय जपत येतो.

पहिल्या खेपेला म्हणाला, रेडिएटर बघायला आलोय.
हातात पान्हा.
ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ पाहिलेत मी,
हा ताकाला येऊन पान्हा दाखवत होता.
म्हटलं, बघा.
त्यानं खरंच बघितला. गळती थांबवली.
आत बाई वाट बघत बसलेली.
पंचेचाळीस मिनिटं
रेडिएटरच्याच नावे गेली.

वहीत 'कारण' असा एक रकाना आहे.
लोक लिहितात: झोप. पाठ. बायको म्हणाली.
दुसऱ्या खेपेला त्यानं लिहिलं: हवा.

काय झालं होतं ते बेटाला ठाऊक आहे.
खेकड्यांच्या मोसमातली पहाट, धाकटा भाऊ,
आणि याच्या हातातून सरसरत गेलेला दोर.
सहा वर्षं झाली.
तेव्हापासून त्याच्या दारातला बर्फ
कुणी ना कुणी उपसून जातं, न सांगता.
विषय मात्र कुणी उपसत नाही.
आमच्याकडे माया अशीच करतात,
फावड्यानं.

भिंत पातळ आहे.
आत माणूस असला की मी रेडिओ मोठा करते,
कॉडचा भाव, सहा फुटांच्या लाटा,
कुणाच्या तरी नव्वदीच्या शुभेच्छा.
तेव्हा तो आत काय बोलला
हे मला विचारू नका.
एवढंच सांगते,
चौथ्या खेपेला तो हातमोजे विसरून गेला.
उन्हाळ्यातसुद्धा न काढणारा माणूस.
मी ते रेडिएटरवर वाळत ठेवले,
ओले नव्हते तरी.

मग नोव्हेंबरातला तो गुरुवार.
रात्रीपासून वारा असा की
चर्चची घंटा आपली आपण वाजत होती.
बोट सुटलीच नाही.
सगळ्यांना फोन करून कळवायचं म्हणून
वही उघडते तोच दार वाजलं.
अँब्रोज. आणि त्याच्या मागे, भर दारात,
त्याची लाल गाडी,
हेडलाइट चालू.

म्हटलं, बाई आज यायची नाही.
म्हणाला, वारा मला कळतो, डोरीन.
आणि उभाच राहिला.
मी काही शिकलेली नाही या कामातलं.
मला इंजेक्शनचा डबा मोजता येतो,
माणसांची नावं लपवता येतात.
मी आत गेले, दिवा भिंतीकडे वळवला,
बाहेर आले, किटली ठेवली.
रेडिओ लावायला हात गेला
आणि मागे घेतला.
आत कुणीच नव्हतं ऐकायला,
आणि तो बोलतही नव्हता.
पंचेचाळीस मिनिटं त्याची होती,
त्यानं ती घेतली.

जाताना म्हणाला, वॉशर बदलायला हवा त्याचा,
पुढच्या वेळी आणतो.
वहीत तारीख टाकली, नाव टाकलं.
कारणाचा रकाना मोकळा ठेवला.

लाल गाडी कुणी कुणी पाहिली असेल?
सगळ्यांनी.
पोस्टातली वर्ना तणतणत होती परवा,
दोन आठवड्यांत
तिकिटांचा आख्खा गठ्ठा संपला म्हणे,
आणि पत्र एक नाही.